शिकंज्यावरचा एप्रन

वहिनी खरं तर कुणाच्याच वहिनी नव्हत्या. नवरा एकुलता एक, त्याला ना भाऊ ना बहीण. पण पुस्तकबांधणीच्या कारखान्यात तो सगळ्यांचा दादा होता, त्यामुळे लग्न होऊन आल्या त्या दिवशीच त्या तिथल्या पाच माणसांच्या वहिनी झाल्या, आणि दादा गेल्यावर मालकीण झाल्या तरी वहिनीच राहिल्या. मावशींचंही तसंच. मावशी वहिनींपेक्षा दोन वर्षांनी लहान. पण शिवणीच्या टेबलावर बसणाऱ्या बाईला मावशी म्हणायचं असं कधीतरी कुणीतरी ठरवलं आणि मग वहिनीही त्यांना मावशी म्हणायला लागल्या. बाहेरचा माणूस आला की ही नाती लावता लावता त्याच्या नाकी नऊ यायचे.

कारखाना म्हणजे एकामागे एक अशा दोन लांबट खोल्या. पुढच्या खोलीत पुठ्ठ्याचे गठ्ठे, कापडाचे गुंडाळे आणि कटिंग मशीन. मागच्या खोलीत खिडकीखाली मावशींचं टेबल, आणि कोपऱ्यात ओतीव लोखंडाचा शिकंजा. शिवून, खळ लावून झालेली पुस्तकं त्यात ठेवायची आणि वरचं चाक फिरवून ती गच्च आवळायची, की दुसऱ्या दिवशी ताठ होऊन बाहेर पडतात. दोन्ही खोल्यांच्या मध्ये काचेची एक केबिन होती. तिच्यात दोन माणसं बसली की तिसऱ्याने पोट आत घेऊन उभं राहायचं.

या कारखान्यात रागावण्याची एक ठरलेली पद्धत होती. दादांनी घालून दिलेली. बांधणीच्या कामात कुणाच्या हातात पातं असतं, कुणाच्या हातात दाभण, आणि डोकं फिरलेल्या माणसाच्या हातात यातलं काही असू नये, असं दादांचं म्हणणं. म्हणून वाद हवा तेवढा घाला, पण सहनच होईना असं झालं की एप्रन काढायचा, शिकंज्याच्या चाकाला अडकवायचा आणि सरळ घरी जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत मालकाने स्वतःच्या हाताने तो एप्रन काढून भिंतीवरच्या खुंटीला लावायचा. रुसलेला माणूस नऊला यायचा, खुंटीवरचा एप्रन घालायचा आणि कामाला बसायचा. कालचा विषय कुणी काढायचा नाही. कटिंगवाल्याने हे चार वेळा केलं होतं, मावशींनी सव्वीस वर्षांत नऊ वेळा. एकदा तर खुद्द वहिनींनी केलं होतं, मालकीण झाल्याच्या पहिल्याच वर्षी, जेव्हा एका ग्रंथालयाची दीडशे पुस्तकं त्यांच्या हातून उलटी बांधली गेली तेव्हा. दुसऱ्या दिवशी आल्या तर त्यांचा एप्रन खुंटीवर. आणि तो तिथे लावणाऱ्या मावशी मान खाली घालून, काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने, दोऱ्याला मेण लावत बसलेल्या.

ते पहिलं वर्ष फार वाईट गेलं होतं. वहिनींनी तोवर एका शाळेच्या ऑफिसात टायपिंग केलेलं, पुस्तकाला पाठ आणि पोट असतं एवढंच त्यांना माहीत. फर्मे, म्हणजे घड्या घातलेले छापील कागद, कसे लावायचे, टाका कुठे ओढायचा आणि कुठे सैल सोडायचा, खळ कधी पातळ करायची, हे सगळं मावशींनी शिकवलं, तेही ओरडून. ‘‘दादांना मला एवढ्यांदा सांगावं लागलं नव्हतं,’’ असं त्या दिवसातून दोनदा म्हणायच्या आणि मग डबा उघडला की अर्धी भाजी न विचारता वहिनींच्या झाकणात टाकायच्या. अशी अकरा वर्षं दोघी रोज त्या शिवणीच्या टेबलावर समोरासमोर जेवल्या आणि रोज भांडल्या. खिडकी उघडी ठेवायची की बंद, खळ घट्ट झाली की पातळ, निळं कापड जास्त निळं आहे का. एखाद्या दिवशी वाजलं नाही तर कटिंगवाला मशीन थांबवून आत डोकावून जायचा, दोघींपैकी कुणाची तब्येत बरी नाही की काय म्हणून.

मग गल्लीतल्या छापखानेवाल्याचं प्रकरण झालं. त्याने आपल्या मशीनवाल्याला भर दुपारी ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणून सांगितलं, ना कागद ना विचारपूस, आणि दोन वर्षं कामगार कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. गल्लीतल्या सगळ्या छोट्या मालकांनी आपापली कागदपत्रं शोधायला घेतली. व्यापारी संघटनेने घाईघाईने एक दिवसाचा वर्ग ठेवला, मालकांची कायदेशीर कर्तव्यं आणि कामगारांचे हक्क असा. शिकवायला एक सल्लागार आले होते, सडपातळ, खिशाला तीन पेनं. प्रत्येक गोष्ट लिहून ठेवा, असं ते दर दहा मिनिटांनी सांगत होते. बाकीचे मालक चहाची वाट पाहत होते. वहिनी टायपिस्ट होत्या, त्यांनी सगळं उतरवून घेतलं आणि एक निळी फाइल काखेत मारून परत आल्या.

फाइलमुळे कारखान्याचं भलंच झालं, हे कबूल करायला हवं. प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र मिळालं. रजेचं रजिस्टर आलं, कटिंग मशीनला संरक्षक जाळी आली, कामाचे तास भिंतीवर लागले. कटिंगवाल्याने आपलं पत्र घरी सगळ्यांना वाचून दाखवलं म्हणे. मावशींनी तेवढं विचारलं, की सव्वीस वर्षं मी इथे कोण म्हणून येत होते मग? पण विचारताना त्या हसत होत्या.

सगळं लिहिलं गेलं. रागावण्याची पद्धत तेवढी लिहायची राहिली. ती लिहायची असते हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

चाळीस प्रबंधांचं काम आलं आणि माशी शिंकली. मुदत चार दिवसांची. वहिनींनी ठरवलं की प्रबंध शिवायचे नाहीत, नुसते चिकटवायचे. नवीन गोंद आणला होता, गोंदवाल्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. मावशींना ते ऐकूनच झोंबलं. चिकटवलेलं पुस्तक म्हणजे पुस्तकच नव्हे, दोनदा उघडलं की पानं हातात येतील, दादांच्या कारखान्यातून असलं काम बाहेर गेलं तर लोक तोंडात शेण घालतील, असं बरंच काही त्या बोलल्या. इथवर नेहमीचंच होतं. पण वहिनींना त्या दिवशी दादांचं नाव टोचलं. अकरा वर्षं कारखाना त्या चालवत होत्या आणि अजून तो दादांचाच होता.

‘‘मालक कोण आहे इथे?’’ त्या म्हणाल्या.

अकरा वर्षांत हे वाक्य त्या खोलीत कुणी उच्चारलं नव्हतं. मावशींनी दाभण टेबलावर ठेवला. एप्रनची गाठ सोडली, तो शिकंज्याच्या चाकाला अडकवला आणि दुपारी तीनला त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी वहिनी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आल्या. एप्रनसमोर उभ्या राहिल्या. हात पुढे करायचा, दोन पावलं चालायचं, खुंटीला लावायचा, एवढंच काम होतं. त्यांनी ते केलं नाही. केबिनमध्ये जाऊन सल्लागारांना फोन लावला.

सल्लागारांनी योग्य तेच प्रश्न विचारले. बाई कामाच्या वेळात निघून गेल्या का? गेल्या. परवानगी घेतली? नाही. जाताना काही म्हणाल्या? काही नाही, एप्रन काढून ठेवला. कुणी पाहिलं? चौघांनी. त्यांनी तसं याआधी कधी केलंय का, हेही सल्लागारांनी विचारलं. यावर वहिनी म्हणाल्या, ‘‘तसं काही नाही.’’

हे बोलणं चालू असतानाच नऊ वाजले आणि मावशी आल्या. मागच्या खोलीत गेल्या आणि थबकल्या. एप्रन शिकंज्यावरच होता. कारखान्यातल्या प्रत्येकाला अचानक आपापल्या हातातल्या कामात काहीतरी फार महत्त्वाचं दिसायला लागलं. मावशींनी केबिनच्या काचेकडे पाहिलं. वहिनींनी खुर्ची फिरवून पाठ केली, फोन कानालाच होता. त्यांनी पुन्हा वळून पाहिलं तेव्हा मावशी गेल्या होत्या.

संध्याकाळी कुरिअरने एक पाकीट मावशींच्या घरी पोचलं. आत घडी घातलेला एप्रन आणि टाइप केलेलं पत्र. आपण दिनांक अमुक रोजी स्वेच्छेने काम सोडल्याचे स्वीकारण्यात येत आहे, आपणांस पुढील वाटचालीस शुभेच्छा. शुभेच्छा सल्लागारांच्या नमुन्यातच होत्या, त्या काढायचं राहून गेलं.

मावशींनी आकांडतांडव केलं नाही, फोनही केला नाही. आठवड्याभरात त्यांनी कामगार कार्यालयात अर्ज दिला. मागणी एकच, मी काम सोडलेलं नाही, मला न विचारता काढलं, परत घ्या.

सल्लागारांनी वहिनींना बजावलं की आता त्या बाईंना भेटायचं नाही, फोन करायचा नाही, कुणाहाती निरोप धाडायचा नाही. आणि दिलगिरी तर चुकूनही व्यक्त करायची नाही, कारण दिलगिरी म्हणजे कबुली. त्यांचं बरोबरच होतं. पण मग वहिनींना कळेना की दिवसभर करायचं काय.

सुनावणी होईपर्यंतच्या सात आठवड्यांत वहिनींनी काय काय केलं ते सांगायला नको, पण सांगतो. डबा केबिनमध्ये उघडला आणि अर्धा तसाच परत नेला. खिडकी उघडली, मग बंद केली, मग पुन्हा उघडली, आणि कुणी काहीच म्हणेना तेव्हा तिच्याकडे पाहत बसल्या. मावशींचा नंबर लावला आणि वाजायच्या आत तोडला, असं दिवसातून तीन-चार वेळा. घरी जाताना वाकडी वाट करून मावशींच्या गल्लीच्या तोंडाशी जायच्या, तिथे औषधाच्या दुकानात काहीतरी घ्यायच्या आणि परतायच्या. घरात मलमपट्टीचा एवढा साठा झाला की एखादी लढाई निभावली असती.

प्रबंध चिकटवून गेले होते. वहिनी धास्तावल्या होत्या, पण चाळीसपैकी एकही परत आला नाही. गोंद खरंच चांगला निघाला. वहिनी जिंकल्या होत्या आणि ‘बघा, मी म्हणाले नव्हते?’ असं ज्यांच्या तोंडावर म्हणायचं त्या मावशीच समोर नव्हत्या. त्या दिवशी वहिनी शिवणीच्या टेबलाशी जाऊन बसल्या आणि त्यांना रडू आलं. दादा गेले तेव्हाही त्या इथेच रडल्या होत्या, पण तेव्हा समोर कुणीतरी बसलेलं होतं.

सुनावणीचा दिवस आला. कामगार कार्यालयातली ती खोली लहान होती, टेबलावर फायलींच्या दोन भिंती आणि मध्ये सर्दीने बेजार झालेल्या अधिकारी बाई. एका बाजूला मावशी एकट्याच, मांडीवर पिशवी घेऊन. दुसऱ्या बाजूला सल्लागार आणि वहिनी. सल्लागारांनी निवेदन वाचलं. कर्मचाऱ्याने आपला एप्रन सर्वांसमक्ष उतरवून मालकाच्या ताब्यात दिला, यातून काम सोडण्याचा इरादा स्पष्ट होतो, चार साक्षीदार आहेत. ऐकायला अगदी चोख वाटत होतं. मावशींना काही म्हणायचंय का विचारलं, तर त्या म्हणाल्या की एप्रन काढून शिकंज्याच्या चाकाला अडकवला हे खरं आहे.

अधिकारी बाईंनी नाक पुसलं आणि वहिनींकडे वळल्या.

‘‘तुमच्याकडे एप्रन त्या यंत्राला अडकवला म्हणजे काय समजतात?’’

सल्लागार उत्तर द्यायला सरसावले. बाईंनी हातानेच त्यांना थांबवलं.

वहिनींना ठाऊक होतं की ‘काम सोडलं असं समजतात’ एवढं म्हटलं की संपलं. प्रकरण त्यांच्या बाजूने मिटणार होतं, फाइल बंद होणार होती, आणि मावशी पिशवी उचलून कायमच्या जाणार होत्या.

‘‘आज राग आलाय, उद्या येते, असं समजतात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सकाळी तो मालकाने काढून खुंटीला लावायचा असतो. तीस वर्षांची पद्धत आहे. मी लावला नाही.’’

‘‘का?’’

‘‘मला वाटलं, एकदा तरी त्यांनी माझ्यापुढे नमतं घ्यावं.’’

सल्लागारांनी फाइल मिटली. वहिनींनी त्यांनाही सांगून टाकलं की तुम्ही विचारलं होतंत, मीच खोटं बोलले. अधिकारी बाई बराच वेळ लिहीत होत्या. मग त्यांनी समजावून सांगितलं की हा राजीनामा नव्हे, बाजू मांडायची संधी न देता काढून टाकणं आहे. पत्र मागे घ्या, नोकरीत खंड न धरता यांना सोमवारपासून परत घ्या. दोघींनी सह्या केल्या. वहिनी पेन ठेवून काही बोलणार तोवर मावशी दाराबाहेर होत्या. खोलीत असताना त्यांनी वहिनींकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

सोमवारी वहिनी सातलाच येऊन बसल्या. मावशी नऊला आल्या, एप्रन घालूनच. धुतलेला, इस्त्री केलेला. संध्याकाळी पाचला तो काढला, घडी करून पिशवीत ठेवला आणि घरी नेला. खुंटी रिकामीच राहिली, दुसऱ्या दिवशीही आणि तिसऱ्याही.

मावशी आता नमुनेदार कर्मचारी झाल्या होत्या. वेळेवर येणं, वेळेवर जाणं, रजेचा अर्ज दोन दिवस आधी. जेवणाच्या सुट्टीत त्या समोरच्या बागेतल्या बाकावर बसायच्या. वहिनींनी काही सांगितलं की ‘बरं’ म्हणायच्या. खळ घट्ट करा, बरं. खिडकी लावून घ्या, बरं. वहिनींना हाक मारायचंच त्यांनी सोडून दिलं होतं, काम असलं तर समोर येऊन उभ्या राहायच्या. सल्लागारांनी फोनवर चौकशी केली आणि सगळं सुरळीत आहे हे ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला. वहिनींना वाटायचं, यापेक्षा ते सात आठवडे बरे होते. तेव्हा निदान वाट तरी पाहता येत होती.

पाच आठवडे असे गेल्यावर वहिनींनी एक वेडेपणा केला. एका कचेरीतून नोंदणीची रजिस्टरं बांधायला आली होती, एकेक चार बोटं जाड, उचलायला दोन हात लागावेत अशी. वहिनींनी कपाटातून सगळ्यात बारीक दोऱ्याचं रीळ काढलं, ज्याने शाळेच्या पातळ वह्या शिवतात ते, आणि मावशींच्या टेबलावर ठेवून म्हणाल्या की रजिस्टरं याने शिवा. असल्या दोऱ्याचे टाके आठवड्याभरात तटातट तुटले असते, हे नवशिक्यालाही कळलं असतं. वहिनी टेबलाशी उभ्या राहिल्या आणि मावशींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ओरडा, असं त्या मनातल्या मनात म्हणत होत्या. दादांचं नाव काढा, मला अक्कल नाही म्हणा, काय वाटेल ते म्हणा.

मावशींनी रीळ हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं.

‘‘लेखी द्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तसं शिवते.’’

वहिनी केबिनमध्ये गेल्या. कारखान्याचं नाव छापलेला कागद घेतला. टंकलेखनाच्या यंत्रासारखी बोटं चालणारी ही बाई, पण पाऊण तास त्या कागदावर एक अक्षर उमटेना. मग त्यांनी पेन घेऊन हाताने लिहिलं. सल्लागारांनी पाहिलं असतं तर त्यांना घेरीच आली असती. लिहिलं ते असं: ‘त्या दिवशी एप्रनचा अर्थ मला ठाऊक होता. ठाऊक असून मी पत्र पाठवलं. चूक माझी होती, सगळी माझीच. तुम्ही इथे असता आणि तरी नसता, मला करमत नाही.’ खाली सही केली, शिक्का मारला, आणि कागद नेऊन मावशींच्या पुढ्यात ठेवला.

मावशींनी एप्रनला हात पुसले. त्या ओठ हलवत हळूहळू वाचायच्या. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. कटिंगवाल्याने मशीन बंद केलं होतं, का ते त्यालाच माहीत.

‘‘तारीख राहिली,’’ मावशी म्हणाल्या.

वहिनींनी तिथेच टेबलावर वाकून तारीख घातली. मावशींनी कागद परत घेतला, तारीख तपासली, घडी घातली. मग बारीक दोऱ्याचं ते रीळ दोन बोटांत धरून वहिनींच्या नाकासमोर आणलं. त्यांचे डोळे भरले होते आणि आवाज चांगलाच चढला होता.

‘‘आणि हा दोरा नाही चालायचा. काय समजून आणलात हा? चार बोटं जाड रजिस्टर या दोऱ्यावर राहणारे?’’

‘‘राहील की,’’ वहिनी म्हणाल्या आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या. राहणार नव्हतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.